रेघ दगडापाशी का वळली

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला सगळ्यात आधी ऐकू येतो तो एका म्हातारीचा आवाज. खाडीच्या वाऱ्यावरून, लांबच्या होडीला हाक मारावी तसा: "सायब, बूट!" खात्यात असताना मला वरिष्ठांनी पुष्कळ हुकूम दिले. इतका छोटा आणि इतका कामाचा हुकूम एकानेही दिला नाही. त्या दोन शब्दांनी गुन्हा उघडकीस आला. कसा, ते सांगतो. पण आधी म्हातारीला ठाण्यात येऊ द्या.

दिघीच्या खाडीपासून फार लांब नसलेल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी निरीक्षक होतो. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांची तर नाहीच. सकाळची हजेरी झाली होती, बीटवरची माणसं निघत होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद घेत होते. तेवढ्यात त्यांच्या टेबलावर सुक्या बोंबलांचं एक पुडकं येऊन आदळलं. तक्रारीच्या आधी वास दाखल झाला.

पुडक्यामागे एक कोळीण उभी होती. साठी उलटलेली, ताठ, डोक्यात अबोलीचा गजरा.

"आई, हे उचला. इथे असलं काही घेत नाहीत," अंमलदार म्हणाले.

"तुला कोन देतंय? माझ्या भावाकडे बोर्लीला चाललंय, वाटेत आलंय. मोठा सायब कुठं हाय?"

मी बाहेर आलो. "बसा, आई."

"बसाया न्हाय आलंय. माझ्या सुनेला धरा."

सासूची तक्रार बहुधा स्वयंपाकघरातून सुरू होते, असा माझा अनुभव. मी तयारीत विचारलं, "काय केलं सुनेनं?"

"आमचा खला चोरलान. दोनदा."

खला म्हणजे खळं, मासळी वाळवायची मोकळी जागा. त्या कोळीवाड्याच्या पाठीमागे, वाळूच्या पुळणीला लागून अशी एक सामाईक जागा होती. तिथे बायका जमिनीवर जवळा पसरायच्या आणि बांबूच्या चौकटींवर बोंबील टांगायच्या. त्या चौकटींना वलांडी म्हणतात. वाड्यातल्या प्रत्येक घराची चूल त्या जागेच्या जिवावर पेटायची. आता अशी जागा पदरात बांधून कुणी पळवत नाही. म्हातारीने खुलासा केला तेव्हा कळलं, की चोरी जमिनीवर झालीच नव्हती. ती झाली होती ग्रामपंचायतीच्या संगणकात.

पंचायतीने गावाचा नवा नकाशा तयार करून घेतला होता. येत्या ग्रामसभेत तो मंजूर व्हायचा होता आणि मग तालुक्याला जायचा होता. संगणकावर काम करणारी मुलगी म्हणजे या म्हातारीची सून. नकाशा पहिल्यांदा भिंतीवर लावला तेव्हा खळ्याची एक बाजू कापलेली दिसली. बायकांनी आरडाओरडा केला, सुनेने ती दुरुस्त केली. पुढच्या वेळी छापला, तर पुन्हा तीच बाजू गायब. ही पट्टी नकाशातून एकदा गेली की उद्या तिच्यावर डांबर पडायला वेळ लागत नाही, हे म्हातारीला बरोबर कळलं होतं.

"वाड्यातल्या बायका आमच्या वलांडीशेजारी वलांडी बांधीत न्हायत," ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बोलतात, तुझ्या सुनेनं गाव इकला. ग्रामसभेत तिला काढनार हायत. घरात आम्ही दोघी एका चुलीवर रांधतो आनि एकमेकींशी बोलत न्हाय. सायब, तिनं केलं आसंल तर धरा. न्हाय केलं आसंल, तर गावासमोर तसं बोला. पन एक काय ते करा."

मी तिला बाकावर बसवलं, चहा मागवला, अर्ज लिहून घेतला आणि जे निघेल ते गावासमोर सांगायचा शब्द दिला. सासू सुनेविरुद्ध अर्ज देते आहे आणि मनातून तो खोटा ठरावा म्हणून नवस बोलते आहे, असं दृश्य मी नाटकातही पाहिलं नव्हतं. आणि नाटकं मी पुष्कळ केली आहेत. गणपतीतल्या हौशी मंडळात मी वर्षानुवर्षं खलनायक असायचो; वर्दीतल्या माणसाला दुसरी भूमिका कोण देणार?

पंचायतीत गेलो. ग्रामसेवक घाटावरचे, नव्याने बदली होऊन आलेले, नियमाने चालणारे. त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला आणि फाईलवर बोट ठेवलं. "हे बघा. शेवटचा बदल सोमवारी सकाळी. त्या वेळी मी तालुक्याला होतो, शिपाई बँकेत. कचेरीत मॅडम एकट्याच."

सून शेजारी उभी होती. पेणकडच्या मिठागरवाल्या घरातली मुलगी, लग्न होऊन इथे आलेली. ती म्हणाली, "साहेब, सोमवारी मी ही फाईल उघडलीसुद्धा नाही. पण संगणकच माझ्याविरुद्ध साक्ष देतो म्हटल्यावर मी काय बोलू?"

"संगणक कोण कोण वापरतं?"

"सगळेच."

"पासवर्ड?"

तिने मॉनिटरच्या कडेला बोट दाखवलं. तिथे चिकटपट्टीवर गावदेवीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन लिहिलं होतं. गावात घराला कुलूप नसतं हे मी ऐकलं होतं. देवीच्या भरवशावर ठेवलेला संगणक पहिल्यांदाच पाहत होतो.

कचेरीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. एक ग्रामसेवक. दुसरा शिपाई, वरच्या डोंगरातल्या वाडीचा शेतकरी माणूस. तिसरे उपसरपंच, दोन बोटींचे मालक, म्हणून गाव त्यांना नाखवा म्हणायचं. तेही मला भेटले. "सायब, पोरीला जास्त बोलू नका हां," ते म्हणाले. "चूक व्हते मानसाकडून. आमच्याच वाड्याची सून हाय." मला त्यांचं कौतुक वाटलं. एवढ्या गावात तिच्या बाजूने बोलणारा हा एकच माणूस होता.

जिल्ह्याच्या सायबर कक्षातून मी मदत मागवली. एक महिला हवालदार आल्या. बारीक चणीच्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी त्यांना सायबरबाई म्हणू लागलो आणि त्यांनी ते चालवून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "साहेब, फाईलवरची तारीख म्हणजे पाकिटावरचा शिक्का. संगणकाचं घड्याळ मागे फिरवलं की शिक्का हवा तसा उमटतो. आपण पाकिटातलं पत्र बघू. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिते."

स्क्रिप्ट म्हटल्यावर मी खुर्चीत सावरून बसलो. "म्हणजे संहिता?"

"हो. पण पात्र एकच आहे आणि ते पाठांतर विसरत नाही."

मग त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. माणसाच्या बोटाचा ठसा असतो तसा प्रत्येक फाईलचाही ठसा काढता येतो. त्यांची स्क्रिप्ट प्रत्येक फाईल एका गणितातून काढते आणि त्यातून अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ निघते. फाईलमध्ये एक ठिपका इकडचा तिकडे केला, तरी ती ओळ पार बदलते. आज सगळ्या फाईलींचे ठसे घ्यायचे आणि जपून ठेवायचे. मग स्क्रिप्टने दर थोड्या वेळाने नवे ठसे काढून जुन्यांशी ताडून बघायचे. फरक दिसला की जुनी आणि नवी फाईल बाजूला ठेवायची आणि बाईंच्या मोबाइलवर निरोप धाडायचा.

"निरोप माझ्या मोबाइलच्या घड्याळाने येणार," त्या म्हणाल्या. "ते घड्याळ त्याला फिरवता येणार नाही."

"आणि मूळ ठसे कुठे ठेवायचे?"

"त्या संगणकात अजिबात नाही. चोराच्या घरात पंचनामा ठेवल्यासारखं होईल. ते आपल्या मुद्देमाल कपाटात."

गटविकास अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेतली, दोन पंच घेतले आणि फाईलींच्या प्रती काढण्याच्या निमित्ताने बाईंनी स्क्रिप्ट बसवली. खळ्याची हद्द पुन्हा बरोबर करून ठेवली. कचेरीतल्या कुणालाही सांगितलं नाही.

पहिले काही दिवस त्या स्क्रिप्टने आमचा जीव खाल्ला. निरोप आला की आम्ही धावायचो. एकदा ग्रामसेवकांनी समुद्राचा निळा रंग जरा गडद केला होता. साहेबांना आवडेल म्हणून. एकदा शिपायाने फडक्याने कळफलक पुसला आणि पाणीपुरवठ्याच्या फाईलमध्ये लांबलचक 'ककककक' उमटलं. स्क्रिप्ट प्रत्येक वेळी इमानाने ओरडायची. बदल झाला एवढं तिला कळायचं. माणूस कोण आणि मनात काय, हे तिला विचारून उपयोग नव्हता. तो भाग पगार घेणाऱ्या पोलिसाचा.

मग मी माझ्यातल्या नटाला थोडी मोकळीक दिली. पंचायतीत गेलो आणि सगळ्यांच्या देखत, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ग्रामसेवकांना सांगितलं, "नकाशा तपासला, आता बरोबर आहे. उद्या सकाळी माझा माणूस ग्रामसभेची वाट न बघता प्रत घेऊन तालुक्याला जाईल. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी रेघ हलायची नाही." ज्याला रेघ हलवायची होती त्याच्याकडे आता एकच दुपार उरली.

त्या दुपारी सून कचेरीत नसणं महत्त्वाचं होतं. कायद्याने स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, आपण तिच्या घरी जायचं. पण स्वतःची बाजू मांडणारा अर्ज द्यायला ती आपण होऊन आली, तर तिला कोण अडवणार? तसा निरोप तिच्यापर्यंत पोहोचला आणि ती आली. सासूही आली, पण वेगळ्या रिक्षातून. एक बाकाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मध्ये सायबरबाई, मोबाइल मांडीवर ठेवून.

सुनेने अर्ज लिहायला घेतला. म्हातारी पंख्याकडे बघत राहिली. चहा आला, दोघींनीही घेतला नाही. आणि बाईंचा मोबाइल वाजला.

त्यांनी वाचलं, सोबत आलेला नवा नकाशा उघडला आणि पडदा माझ्यासमोर धरला. मी तो म्हातारीसमोर धरला.

"आई, तुमचं खळं आत्ता या घटकेला पुन्हा कापलं गेलं. तुमची सून कुठे आहे?"

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. तिच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग सरकत सरकत बाकाच्या त्या टोकाला गेली, थंड झालेला चहाचा कप उचलून सुनेच्या हातात दिला आणि दरडावून म्हणाली, "पी. सकालपास्नं उपाशी हायेस."

मी माणसं पंचायतीकडे धाडली आणि नोंद घ्यायच्या निमित्ताने आत गेलो. नोंदीची तशी घाई नव्हती.

सून सुटली, चोर सापडायचा होता. माझी माणसं पंचायतीत पोहोचली तेव्हा ग्रामसेवक, शिपाई आणि नाखवा, तिघेही तिथेच होते. दुपारभर तिघेही आळीपाळीने संगणकावर बसले होते. ग्रामसेवकांनी पत्रं पाठवली, शिपायाने त्यांच्याकडून लावून घेतलेली भजनं ऐकली, नाखवांनी बोटीचा कसलासा अर्ज छापला. फाईलवर तारीख पाहिली तर पुन्हा मागची, सुनेच्या एकटीच्या वेळेची. घड्याळ फिरवून काम झालं होतं आणि परत जागेवर आणून ठेवलं होतं.

तिघांची वेगवेगळी चौकशी केली. ग्रामसेवकांना इतका घाम फुटला, की मीच त्यांना पंख्याखाली बसवलं. शिपाई म्हणाला, "सायेब, मला तो उंदीर पुसता येतो, चालवता न्हाय येत." नाखवा शांत होते. त्यांनी उलट मलाच विचारलं, "सायब, तुमची तब्येत बरी हाय ना?" कुणीही हललं नाही.

मग सायबरबाईंनी स्क्रिप्टने बाजूला ठेवलेल्या जुन्या आणि नव्या फाईली एकावर एक धरल्या. खळ्याची बाजू कापणारी रेघ अगदी सरळ होती, फूटपट्टीने ओढल्यासारखी. पण एका जागी ती लहानसा वळसा घेऊन परत सरळ झाली होती. पूर्वी छापलेले कापलेले नकाशे काढले. दोन्हींत तोच वळसा, त्याच जागी.

"हात हलला असेल," मी म्हणालो.

"साहेब, हात दर वेळी एकाच जागी हलत नाही."

नकाशात त्या जागी काहीच नव्हतं. विहीर नाही, खांब नाही, झाड नाही. मी नकाशा घेतला आणि सरळ खळ्यावर गेलो. म्हातारी तिथेच बोंबील फिरवत होती, ती माझ्याबरोबर चालू लागली. मी नव्या रेघेवरून नाकासमोर चालत होतो. नकाशातला वळसा जवळ आला, मी पुढचं पाऊल उचललं, आणि तेव्हा ती ओरडली.

"सायब, बूट!"

पाय अधांतरीच राहिला. खाली पाहिलं. वाळूत अर्धा गाडलेला, वीतभर उंचीचा एक काळा दगड होता. शेंदूर उन्हाने फिका पडलेला. मोजणीवाल्यांना तो नुसता दगड वाटला असणार, म्हणून नकाशात आला नव्हता. म्हातारीने सांगितलं, ही खाडीची देवी. नारळी पुनवेनंतर बोट पहिल्यांदा मासळी घेऊन आली, की त्यातली पहिली मासळी नाखवा स्वतः इथे आणून ठेवतो, मगच टोपल्या लिलावाला जातात. इथे चप्पल चालत नाही. या जागेवरून कुणी ओलांडून जात नाही, वळसा घालूनच जायचं.

मी बूट काढून तिथे थोडा वेळ उभा राहिलो. पुळण चांगलीच तापली होती. पण डोकं एकदम थंड झालं.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर तिघांनाही कचेरीत बोलावलं. बाईंनी नकाशाची वेगळी प्रत पडद्यावर लावली. मी म्हणालो, "सक्ती नाही, पण एक मदत हवी आहे. ही रेघ इथे वाकडी झाली आहे. जरा सरळ करून द्या."

ग्रामसेवकांनी माऊस घेतला, वळशाचा बिंदू ओढला, रेघ सरळ. बाईंनी ती पुन्हा होती तशी केली. शिपायाला माऊस कसा धरायचा ते दाखवलं. जीभ दाताखाली धरून त्यानेही ओढली आणि विचारलं, "आशीच पायजेल ना?"

नाखवा बसले. बोटीवरच्या यंत्रात वाटा आखणारा हात. सफाईने बिंदूपर्यंत गेला आणि थांबला.

"चष्मा न्हाय आनला, सायब."

मी माझा काढून दिला. त्यांनी तो लावला, पडद्याकडे पाहिलं, काढला.

"बाईच करतील. त्यांचं काम हाय."

"एक रेघ तर आहे, नाखवा. ओढा."

"तिथं न्हाय ओढायची."

"का?"

"तिथं देवी हाय."

ग्रामसेवक पडद्याजवळ तोंड नेऊन बघायला लागले. "कुठाय देवी? इथं तर काहीच नाही."

बाहेर कुठे तरी बोटीचं इंजिन सुरू होत होतं आणि बंद पडत होतं. नाखवांना आपण काय बोललो ते कळलं, आणि मला कळलं हेही त्यांना कळलं. नटाला अशा वेळी एखादं जळजळीत वाक्य टाकायचा मोह होतो. मी फक्त कुतूहलाने विचारलं, "रेघ ओढताना चप्पल काढली होतीत?"

त्यांनी मान खाली घातली. "काढली व्हती, सायब."

खळ्याच्या मागे त्यांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. तिथपर्यंत गाडी जायला रस्ता नव्हता. ती पट्टी मिळाली की होणार होता. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, म्हणून मी त्यावर विसंबलो नाही. त्यांचा मोबाइल पंचनाम्याने जप्त केला. कापलेल्या नकाशाचा पडद्यावरून काढलेला फोटो त्यात होता, आणि त्याची वेळ बाईंच्या निरोपाच्या वेळेला लागूनच होती. संगणकातल्या माहितीत अनधिकृत फेरफार केल्याचा गुन्हा नोंदवला, स्क्रिप्टच्या नोंदी प्रमाणपत्रासह जोडल्या, पुढे दोषारोपपत्र गेलं. नाखवांनी पद सोडलं. खळं जमिनीवर होतं तेवढंच नकाशात राहिलं.

ग्रामसभेला मी म्हातारीला दिलेला शब्द पाळायला गेलो. भाषण पाठ केलं होतं, चढ-उतारांसकट. दोन वाक्यं झाली आणि पहिल्या रांगेतून म्हातारीचा आवाज आला, "लांबन नको, सायब. तेवढंच बोला." मग मी तेवढंच बोललो: सुनेने केलं नाही, ती त्या वेळी माझ्या समोर बसली होती. बायकांच्या बाजूला चुळबुळ झाली. नंतर बीट अंमलदाराने सहज म्हणून सांगितलं, की दुसऱ्या दिवशी त्या घराच्या वलांडीला लागून दोन्हीकडे वलांड्या उभ्या राहिल्या.

त्याच सभेत ठरलं, की देवीचा दगडही नकाशात घ्यायचा. नेमकी जागा कोण दाखवणार? सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या. नाखवा उठले, दाराशी चप्पल काढून संगणकापाशी आले आणि बोट दाखवलं. सुनेने तिथे खूण केली. म्हातारी सुनेच्या मागे उभी होती. ती आरडाओरडा करील असं मला वाटलं. ती अगदी हळू बोलली, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"नाखवा, देवीला वलसा घातलास ना? मग माझ्या सुनेला का न्हाय घातलास?"



पुढे वेळेआधी निवृत्ती घेईपर्यंत मी अनेक गुन्हे तपासले. बदल कुठे झाला, हे यंत्राने सांगावं. तिथे त्याची नजर पोलिसापेक्षा तीक्ष्ण असते. पण प्रत्येक चोराचा एक दगड असतो, जिथे त्याचा हात थांबतो. कुणाचा देव, कुणाची आई, कुणाचा जुना मास्तर. त्या प्रकरणानंतर मी चोराने काय नेलं याच्या याद्या केल्याच, पण त्याने काय सोडलं तेही बघू लागलो. बहुतेक वेळा माणूस तिथेच सापडला. मात्र शेजारच्या घरातली, आपल्याच वाड्यातली एखादी मुलगी कुणाचा दगड झाली आहे, असं क्वचितच दिसलं.

अजूनही त्या बाजूला गेलो की खळ्यावर चक्कर मारतो. म्हातारी आता थकली आहे, वलांडीच्या सावलीत बसून असते. मी दिसलो की तिचं लक्ष आधी माझ्या पायांकडे जातं.